बिनधुराची कॉफी

नातीनं रात्री गार पाण्यात कॉफीची पूड भिजत घातली आहे, आणि मी सकाळपासून त्या काचेच्या बरणीसमोर बसून आहे. पूड वर तरंगते, मग तिच्यातून तपकिरी धागे सुटतात, वळसे घेत, घाई न करता तळाकडं उतरतात. धूर खाली जातो आहे असं वाटतं. ना वाफ, ना दरवळ. नात याला कोल्ड ब्रू म्हणते आणि हा नवा प्रकार मला पचेल का, याची तिला काळजी आहे. मी मान डोलावतो. नव्वदीच्या माणसानं पुष्कळशा गोष्टी नव्या असल्याचं सोंग करावं, घरात शांतता राहते.

निजामाच्या राज्याचा शेवटचा पावसाळा. लोहाऱ्याजवळचं आमचं गाव निम्मं ओस पडलेलं. हत्यारबंद टोळ्यांच्या भीतीनं ज्याला जमेल तो हद्दीपलीकडं सोलापूरच्या बाजूला निघून गेला होता. आत्याच्या मांडीचं हाड मोडलेलं, गाडीचे हिसके तिला सोसणारे नव्हते. तिच्या सोबतीला मी मागं राहिलो. शौर्यानं, असं पुढं मी पुष्कळांना ऐकवलं. खरं असं, की कुणी थांबायचं हे अंगणात ठरत होतं तेव्हा मी आत कॉफीच्या डब्याचं झाकण शोधत होतो, आणि जो हजर नव्हता त्याच्यावरच ते आलं. हैद्राबादेत इंटरला गटांगळी खाऊन आलेल्या पोराचा दुसरा उपयोगही नव्हता.

शेजारी एक विणकर चाचा, लेकुरवाळे. त्यांनी आमच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि मागच्या झरोक्याशी येऊन बजावलं, "घर रिकामं दिसलं पायजे. आवाज न्हाय, दिवा न्हाय, चूल तर न्हायच. धूर दिसला की संपलं."

"आणि माझी कॉफी?" आत्यानं विचारलं. ती कानडी मुलखात दिलेली; वैधव्य आणि कॉफी घेऊन माहेरी परतलेली.

"आत्याबाई, जीव मोठा का कॉफी?"

आत्यानं लगेच उत्तर दिलं नाही, यावरून काय ते समजावं. संध्याकाळी तिनं जुन्या लुगड्याच्या धडप्यात पूड बांधली, पुरचुंडी पाण्याच्या घागरीत सोडली आणि म्हणाली, "इस्तू न्हाय तर न्हाय. भिजंल सावकाश."

रिकाम्या घराचं सोंग करणं हे वाटतं तितकं सोपं नसतं, आणि वाटतं त्याहून लवकर ते खरं होऊ लागतं. चिमण्या आमच्यादेखत पाळण्याच्या कड्यांवर घरटी बांधू लागल्या. आम्ही ओठ हलवून बोलायचो, पुढंपुढं तेही सुटलं. भिंतीवर आमच्या सावल्या पडत नसत, कारण दिवाच नव्हता. ती काळी, गार, मुकी कॉफी घशाखाली उतरली, की आपण अजून आहोत एवढं कळायचं.

एका दुपारी मी ती अधाशासारखी प्यालो आणि त्याच वेळी बाहेर हत्यारबंद माणसं आली. कुलूप खडखडलं. चाचांचा आवाज आला, "कोई नै साब. सब चले गए." आपण नाही आहोत हे दुसऱ्याच्या तोंडून इतक्या शांतपणे ऐकणं फार विलक्षण असतं, मला ते क्षणभर पटलंसुद्धा. आणि मला उचकी लागली.

"अंदर कौन है?"

मग चाचा म्हणाले, "बुढिया मरी ना साब इसमें. दिन कू बी आवाजां आते. हम लोगां इधर देखते बी नै."

मी तोंडात उपरणं कोंबलं. दुसरी उचकी त्यातूनही निसटली. तेव्हा अंधारात आत्या गाऊ लागली. कानडी अंगाई, संथ, अर्ध्यावर तुटणारी. ती माझी आत्या आहे हे ठाऊक असून माझ्या अंगावर काटा आला. पावलं लांब गेली.

"मेली मी, आन उचक्या तुला," आत्या पुटपुटली.

संध्याकाळी झरोक्यातून चाचा म्हणाले, "माफ करा आत्याबाई, तुम्हाला मारलं."

"ब्येस केलंत. गूळ संपलाय."

मग फौज आली, राज्य बदललं. चाचांनी कुलूप काढलं. "आता तुमचं राज," म्हणून हसले. पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. आसपासच्या गावांतून मुसलमान घरांवरच्या हल्ल्यांच्या बातम्या येऊ लागल्या. आता जी माणसं हत्यारं घेऊन फिरत होती, त्यांतली काही आमच्या ओळखीची होती. एका सकाळी चाचांच्या माळवदावर धूर दिसला नाही. दाराला बाहेरून कुलूप. कुलपाचा अर्थ मला कळत होता: घर रिकामं असेल, नाहीतर माणसं आत दडलेली असतील, म्हणजे काहीच कळत नव्हतं.

आत्यानं घागरीतून फुलपात्र भरून दिलं. मी ते त्यांच्या खिडकीच्या गजांआड ठेवलं आणि मिटल्या झडपेच्या फटीला तोंड लावून म्हटलं, "चाचा, मी हाय. मी एकटाच हाय." आत काहीच हाललं नाही. मागावरून घरंगळलेल्या धोट्याचासुद्धा आवाज नाही. मी बराच वेळ उभा राहिलो आणि रिकामं घर समजून परतलो.

दुसऱ्या दिवशी आत्याला मोटारीतून सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. हद्दीपलीकडं गेलेल्या घरच्यांसह आम्ही सगळे परतलो तेव्हा चाचांचं दार सताड उघडं होतं, मागाच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचलेलं, आणि माणसं कुठं गेली ते गावात कुणी सांगेना. खिडकीत फुलपात्र होतं. घासूनपुसून, पालथं घातलेलं.

म्हणजे मी हाक मारली तेव्हा ते आत होते. हातभर अंतरावर, लेकराबाळांसह, श्वास धरून. त्यांनी माझा आवाज ओळखला असणार. ओळखून ते गप्प राहिले, आणि ते बरोबरच होतं. आता आयुष्य सरत आलं तरी मी तेवढंच मोजत बसतो, की मी गेल्यावर त्यांनी ती कॉफी प्यायली. एवढा विश्वास त्यांच्यापाशी माझ्यापुरता उरला होता, बोलण्याइतका नव्हता.