मागचं दार

सावंगीला मी फ्लॅट घेतला तेव्हा बाबा रोहण्याहून पाहायला आले. दिवाणखाना, खिडकीतून दिसणारं हॉस्पिटल, यातलं काहीच त्यांच्या नजरेत भरलं नाही. सगळ्या खोल्या फिरून त्यांनी विचारलं, "दुसरं दार कुठी हाये?"

"फ्लॅटला एकच दार असतं, बाबा."

"मंग हे घर नाई, उंदराचा पिंजरा हाये."

घर डोळे मिटून फिरता आलं पाहिजे, असं त्यांचं मत होतं. गावी शेजाऱ्यांनी फाटकावर सिमेंटचे दोन सिंह बसवले आणि चार कॅमेरे लावले, तेव्हा बाबा म्हणाले होते, "कॅमेरा चोर दाखवते, थांबवते का?" ते स्वतः रोज संध्याकाळी पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत जात, कड्या चाचपत, वाटेत काही पडलं असेल तर बाजूला सारत. आम्ही हसायचो.

आमच्याकडे भाव चढेपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतात. माणसं अंग खाजवत उरलेल्या जागेत राहतात. मागची खोली दरवर्षी भरायची, पण दारापर्यंत माणूस जाईल एवढी वाट बाबा सोडायला लावत. त्या वर्षी कापसाची शेवटची बैलबंडी आली तेव्हा आभाळ भरून आलं होतं. कापूस अंगणात ठेवला असता तर भिजला असता. बाबांनीच तो त्या वाटेत टाकायला सांगितला आणि स्वतः वर चढून पायांनी तुडवून बसवला. आई म्हणाली, "दार बुजलं नं!" ते म्हणाले, "आठ रोज राहू दे वो. व्यापाऱ्याची गाडी लागली का मोकळं होते."

पुढच्या खोलीत मीटरखाली ठिबकच्या जुन्या नळ्यांचं भेंडोळं पडलेलं असे. त्याच दिवसांत एका दुपारी मीटरमधून ठिणगी पडली आणि त्या नळ्यांनी पेट घेतला. बाबा मधल्या खोलीत आडवे पडले होते, आई पुढच्या अंगणात तूर पाखडत होती. काळा धूर पाहून ती दाराशी धावली आणि ओरडली. आतून बाबांचा आवाज आला, अगदी रोजचा आवाज: "तू निंघ वो, मी मांगून येतो."

म्हणून ती घराला वळसा घालून मागे गेली आणि दारासमोर त्यांची वाट पाहत उभी राहिली. दार बुजल्याचं त्या घाईत तिच्याही ध्यानात आलं नाही. त्याआधी इतक्या वर्षांत ते दार तिने एकदाही बुजलेलं पाहिलं नव्हतं.

शेजाऱ्यांनी दार फोडलं तर आत पांढरी भिंत. कापसाला आगीची झळही लागली नव्हती. बाबा ढिगाच्या पलीकडच्या बाजूला सापडले. धुरानेच गेले. कडीच्या दिशेने त्यांनी हातांनी कापूस उकरला होता, हातभर खोल.

तेरवीला एक पुढारी आले. बाबांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, तरी त्यांना 'कुशल संघटक' म्हणाले आणि अग्निसुरक्षेवर बोलले. फोटो काढणारा पुढे सरकला तसा त्यांचा आवाज जड झाला. बाकीचे लोक एवढंच म्हणत होते, की ज्याला घर इतकं पाठ, त्याचं असं कसं झालं? मला वाटतं, पाठ होतं म्हणूनच झालं. धुरात त्यांचे पाय जन्मभराच्या घरात चालले. तुडवून बसवलेला कापूस त्या घरात नव्हता.

आईला हे पटत नाही. पुढच्या खोलीतली आग बादल्यांनीच विझली आणि दाराची चौकट तेवढी काळी पडली, हे तिने पाहिलं आहे. परवा पुन्हा म्हणाली, "मी समोरच उभी राहून हाका मारत राह्यली असती, तं ते समोरूनच आले असते."

"समोर धूर होता, आई. नसते येऊ शकले."

"तुले काय माहीत रे," ती म्हणाली. "तू तं सावंगीले होता."