भिंतीतलं वीतभर दार

फोन भावाचा होता. "शालू, तुझी वहिनी गेली," एवढंच म्हणाला. सकाळी गोठ्यात शेण काढता काढता ती खाली बसली, ती उठलीच नाही. आमच्या दोन घरांमध्ये धानाची एकच बांधी, बांध घातलेलं एवढंसं शेत आहे, पण त्या दिवशी ती धावता धावता संपेना... त्याला महिना होऊन गेला. ज्या घरात बसून मी हे लिहिते आहे, ते निर्मलावहिनीनं मला बांधून दिलेलं. तणसाचं. मळणीत धान चुरल्यावर जे तणस, म्हणजे पेंढा, उरतं, त्याचे करकचून बांधलेले गठ्ठे विटांसारखे रचून वरून माती लिंपलेलं.

नवरा वारल्यावर लेकीला घेऊन मी तिरोड्याजवळच्या या गावी, माहेरी आले. त्याच सुमारास वहिनी बचत गटातल्या बायकांबरोबर कुठेतरी असं घर पाहून आली होती. आमच्याकडे कापणी झाली की तणस शेतातच पेटवतात आणि सगळ्या गावाचे डोळे चुरचुरत राहतात. वहिनी म्हणाली, जाळायचं त्याचं शालूबाईचं घर करू. भाऊ हसला, "म्हैस एका रातीत खाऊन टाकन!" मला मात्र हसू आलं नाही. वाटलं, झालो आपण यांना जड. मी तोंड पाडून बसलेली पाहून वहिनीनं सरळ विचारलं, "काऊन रुसली?" मग तीच म्हणाली, "माह्या घरात चहा मांडाच्या आधी तू मले विचारते. रोज विचारते. तुह्या घरात कोणाले विचारू नको."

काळ्या दगडाचं जोतं झालं, बांबू ठोकून गठ्ठे उभे राहिले, वर छपराला मातीचे कवेलू चढले. घोळ झाला तो लिंपणात. मातीत कालवलेलं तणस नीट झोडपलेलं नव्हतं, त्यात धान राहून गेलं होतं. थोड्याच दिवसांत भिंत हिरवीगार! गाव पाहायला लोटलं. "कापणी कधी व्हय?" एकानं विचारलंच. मला वाटलं, आतलं सगळं सडलं असणार, आणि या घरात मी लेकीला घेऊन राहायचं? मी रडत म्हटलं, मला नको हे घर. वहिनीनं खुरपी घेतली आणि आतल्या बाजूनं वीतभर ओली माती खरवडून काढली. "हात घाल." घातला. तणस कडकडीत होतं, जरा ऊबदार. "ओलं हाये काय?" "नाही." "मंग कायले भेऊन राहिली?"

रोपं उन्हानं आपोआप वाळून गेली. पण ती वीतभर जागा तिनं शेवटपर्यंत लिंपू दिली नाही, तिथे सुताराकडून सागाचं इवलंसं दार बसवून घेतलं. मग कधीही आली तरी पाणी प्यायच्या आधी ते दार उघडून कोपरापर्यंत हात घालायची आणि "कोरडं हाये," म्हणून बसायची. मे महिन्यात तर दुपारी उशी घेऊनच यायची. म्हणायची, "माह्या स्लॅबात भाकर भाजते, इथं झोप लागते." एकदा मी तिचे आभार मानले, तर चिडली. "पाहुणी हायेस काय?" पण आता रागवायला ती नाही, म्हणून मोकळेपणानं लिहिते. माझ्या लेकीचं बालपण आणि माझं ताठ मानेनं जगणं तिनं दिलं. नणंदेच्या वाट्याला अशी वहिनी क्वचित येते.

ती गेल्यापासून भाऊ इकडे फिरकला नव्हता. काल संध्याकाळी आला. दारातच थोडा थांबला, मग बसायच्या आधी भिंतीपाशी गेला, ते इवलं दार उघडलं आणि कोपरापर्यंत हात घातला. बराच वेळ काढला नाही...

"कोरडं हाये, शालू," तो म्हणाला.

मी उठले आणि चहा मांडला. कोणाला विचारलं नाही.