काकांची जास्वंद

शेजारचे काका निवृत्त इंजिनियर. झुरळ निघालं तरी कागदावर घेऊन अंगणात सोडणारे. कशालाही एकच उत्तर, "असू दे." मुलगा गेल्या दिवाळीलाही आला नाही, असू दे. आमच्या मॉरिसव्हिल गावातली हरणं उन्हाळाभर त्यांच्या जास्वंदीच्या कळ्या खात होती, देवघरातल्या गणपतीला एक फूल मिळत नव्हतं, तरीही असू दे.

म्हणूनच, "जरा ड्राइव्ह कर, एक वस्तू घ्यायचीय," म्हणत त्यांनी मला शिकारीच्या सामानाच्या दुकानात नेलं, तेव्हा मी हबकलोच. काकांना कंपाउंड बो हवा होता, चाकांवरून दोरी ओढायचं ते धनुष्य. आयुष्यातलं पहिलं. शेंडा मोडून भेंडी पारखावी तसं ते एकेक धनुष्य पारखत होते. विक्रेत्याने सत्तर पौंड ओढीचं पुढे केलं. ते ताणताना काकांचा हात थरथरला.

"नेम चुकला तर हरणाला मरायला किती वेळ लागतो?" त्यांनी विचारलं.

"कधी कधी तासन्‌तास."

काकांनी ते परत दिलं आणि कमी ओढीचं मागितलं. ते ताणून धरलं, तेव्हा त्यांचा हात जराही हलला नाही. पापणीसुद्धा नाही.

ऑक्टोबरात त्यांच्याकडे गेलो, तर गणपती लालभडक जास्वंदीने झाकलेला. काकांनी नेहमीसारखी प्रसादाची वाटी पुढे केली. माझा हात काही उचलेना.

काका वाटी मागे घेत म्हणाले, "असू दे."