शेजारच्या सीटवरचे हवालदार

मैत्रिणींनो, आज माझी सांगलीची मुलाखत हुकली आणि डोकं अजून तापलेलंच आहे.

गाडी शिकून तीन महिने झाले. साताऱ्याहून पहिल्यांदाच एकटी निघाले होते. स्टँडबाहेर फौजेतून रिटायर झालेले एक हवालदार एसटीची वाट बघत ताटकळले होते, आष्ट्याला जायचं म्हणाले. मीही घाबरलेलीच होते. सोबत होईल म्हणून बसवलं.

तिथेच चुकलं! या काकांनी आयुष्यभर फौजेचे ट्रक चालवलेले. "ताई, पन्नासच्या वर न्हाई जायाचं." शिवाय दर वीस मिनिटांनी "गाडी बाजूला घ्या." मग दोघांनी उतरायचं, चारी टायर तापलेत का ते हात लावून बघायचं, पाणी प्यायचं.

तिसऱ्या वेळी मी ओरडलेच, "काका, माझी मुलाखत आहे!"

"आवं, धड पोचला तर मुलाखत हुईल नव्हं?"

कराड गेलं. आता पुन्हा थांबवणार म्हणून मी दात-ओठ खात होते, तर म्हणाले, "आता थांबायचं काम न्हाई. हात बसला तुमचा. मी जरा डोळं मिटतो." आणि आष्ट्यापर्यंत चक्क घोरत होते.

सांगलीत पोचले तेव्हा मुलाखती आटोपल्या होत्या. नवऱ्याला फोन केला, तर म्हणे, "तरी सांगत होतो, मी नेतो."

हाच माणूस माझ्या शेजारी बसला की वरचं हँडल सोडत नाही.

राग नक्की कुणाचा येतोय तेच कळेना. तुम्ही गाडी चालवताना शेजारी कुणी निवांत झोपतं का गं?