कडावचा जिराफ आणि लेस्टरची बुटकी खुर्ची

कडावहून निघाले त्या सकाळी मी अंगणात उभी राहून भाषण केलं. कोणी मागितलं नव्हतं. पुतण्याची गाडी सुरू होऊन धूर सोडत होती, बॅगा टपावर बांधून झाल्या होत्या, आणि ही निवृत्त झालेली पहिलीची बाई जमलेल्या बायकांना सांगत होती, "रडू नका गं. मी काही लेकीकडे आयतं बसून खायला चाललेली नाही. नातीला वाचायला शिकवायला चालले आहे."

कोणीच रडत नव्हतं. शेजारची म्हातारी तेवढी म्हणाली, "जाय गं बाय. पन थितली पोरं तुज्या धाकानं मुतायची नाय."

सगळ्या खदखदून हसल्या. मला वाटलं, जळतात मेल्या.

पुतण्याला, म्हणजे संदेशला, साजगावच्या कारखान्यात रजेचा अर्ज टाकायचा होता, म्हणून वाट वाकडी करून खोपोलीवरून गेलो. खालापूरच्या टोलनाक्यापर्यंत मी दिसेल त्या पाटीचं शुद्धलेखन तपासलं. संदेश बिचारा म्हणाला, "काकू, थितं पाटी-पेन्सिल नसते हां. निराळंच शिकवतात."

"पोर ते पोर असतं रं," मी म्हटलं. काय तो रुबाब! साठी उलटलेल्या बाईला इतकी अक्कल कमी असू शकते, हे मी स्वतः पाहिलं आहे, म्हणून सांगते.

खरं तर गाव बदलण्याचा मला अनुभव होता. कर्जतच्या बाजारपेठेतली मी, लग्न होऊन कडावला आले आणि तिथल्याच शाळेत रुजू झाले. पहिल्या दिवशी उंच टाचांच्या चपला घालून भाताच्या बांधावरून निघाले. एक चप्पल अजून त्या चिखलात असेल. वर्गात शिरून रेडिओवर बातम्या देतात तसल्या सुरात "मुलांनो, स्वस्थ बसा" म्हटलं, तर एक पोरगं रडत घरी पळालं. आईला म्हणालं, "बाईला काय तरी झालंय. निराळाच बोलते." ते पोरगं शहाणं होतं. मला खरंच काहीतरी झालेलं होतं, आणि इंग्लंडात, लेस्टरला उतरले तेव्हा ते पुन्हा उलटलं.

इथे मंजिरी, म्हणजे माझी मुलगी, आणि जावई दिवसभर कामावर. शाळा सुटल्यापासून मंजिरी येईपर्यंत पाच वर्षांची रेवा माझी. तेवढ्यापुरती मी या घरात कुणीतरी होते. बाकीचा वेळ माझी किंमत फ्रीजइतकी. फ्रीज तरी कमी बोलतो.

रेवाच्या शाळेत फोनिक्स शिकवतात. अक्षराचं नाव सांगायचं नाही, नुसता आवाज काढायचा, आणि प्रत्येक आवाजाबरोबर हाताने एक खूण करायची. सापाचा स्स्स म्हटला की हात नागमोडी. फ्फ्फ म्हटला की फुग्यातली हवा गेल्यासारखे तळवे मिटायचे. घरी सराव घ्या, अशी शाळेची सूचना होती. मी पदर खोचला. तुम्हाला माझी पद्धत ठाऊकच आहे. "माझ्या तोंडाकडे बघ, आणि मी करते तस्संच कर. एवढंसंसुद्धा वेगळं नको." रेवाने बिनचूक तसंच केलं.

काही आठवड्यांनी शाळेने मंजिरीला बोलावलं, आजीलाही घेऊन या म्हणाले. मी इस्त्रीची साडी नेसले. मला वाटलं, सत्कार आहे.

वर्गात आम्हाला गुडघ्याएवढ्या खुर्च्यांवर बसवलं. शिकवणारी पोरगी माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींएवढी. तिने साप दाखवला. मुलांनी हात नागमोडी फिरवले, स्स्स केलं, आणि मग रेवाच्या टेबलावरच्या झाडून सगळ्या मुलांनी अंगठा तोंडात घालून वरचे दात टाळूकडे दाबले. नंतर फ्फ्फ. पुन्हा टेबलभर अंगठे.

"ही शेवटची खूण आमच्यात नाही," ती पोरगी अगदी गोड आवाजात म्हणाली. "रेवाकडून सगळ्यांनी उचलली. रेवाच्या तोंडात काही त्रास आहे का? आम्ही उच्चार तपासणाऱ्या तज्ज्ञांना कळवणार होतो."

मी तिला ठणकावून सांगायला तोंड उघडलं. दोन शब्द बोलले आणि माझा अंगठा आपसूक तोंडात गेला.

माझी वरची कवळी. कर्जतला घाईत करून घेतलेली, सैल. तोंडातून वारा सुटला की ती घसरते, मी ती वर ढकलते, आणि ढकलते हे मलाच माहीत नव्हतं. माझी आई म्हणायची, "बोलताना दात काढू नकोस, एक दिवस काढायला उरायचे नाहीत." उरले असते तरी काय दिवे लावले असते म्हणा.

शिकवणाऱ्या पोरीने ओठ चावला. मंजिरीला हसू आलं नाही. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "आई, जन्मभर पहिलीला शिकवलंस ना? काय शिकवलंस, कवळी बसवायला?"

मी हसले. चूक झाली.

"हसू नकोस. माझ्या मुलीत खोट आहे असं ठरवत होते ते. तू साधं दाताच्या डॉक्टरकडे परत गेली नाहीस म्हणून." मग सिग्नलला थांबल्यावर, समोर बघत, "सोमवारपासून रेवा शाळेनंतर तिथेच, मुलं सांभाळतात त्या क्लबात थांबेल. तूही कंटाळतेसच इथे. घरी जा."

घरी. मी त्याच संध्याकाळी संदेशला फोन लावला. तो बराच वेळ खाकरला.

"काकू, राग नका मानू. तुमच्या म्होरल्या खोलीत आमच्या हिनं क्लास काढलाय. फोनिक्सचा. कडावातली समदी पोरं येतात. भिंतीवर जिराफ काढलाय. तुमच्या कॉटवर नर्सरी बसते."

"आणि मी आले तर?"

"आमी हाव ना. पडवीत करू काय तरी."

बघा गं बायांनो, पोरांना अक्षरओळख करून देण्यात हाडं झिजवली, आणि त्याच अक्षरओळखीने दोन्ही देशांतून मला उठवलं. फोन स्पीकरवर होता. मंजिरी ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती. तिने भांडं घासून पुन्हा घासलं.

"राहा मग," ती म्हणाली. "क्लबचं राहू दे. पण रेवा वाचेल, तू ऐकायचं. तोंड मिटून."

लेकीने असं बोलावं, आणि मला ते गोड लागावं! तुमच्यातल्या ज्या माझ्यासारख्या नातवंडांपायी विमानात बसल्या, त्यांना हे समजावून सांगायला नको.

दाताच्या डॉक्टरने कवळी घट्ट बसवली. सोमवारी रेवा शाळेतून आली, तिने बाहुल्या ओळीने मांडल्या आणि शेवटी एका बुटक्या खुर्चीवर मला बसवलं. ती बाई, आम्ही वर्ग. माझ्या मिटल्या तोंडाची अट तिने जागीच मोडली. "आजी, म्हण. स्स्स." मी म्हटलं. "चूक. बाहुलीला येतं, तुला येत नाही? लक्ष कुठे आहे तुझं?" हे मी तिला कधीच बोलले नव्हते. म्हणजे बोलले असणारच.

तिने नियम सांगितला आहे: ज्याला सगळे आवाज आले, तो पुढच्या टेबलावर जातो, आणि मग बाईंना त्याच्याशी काही काम उरत नाही. मला सगळे आवाज येतात. दात आता हलतही नाहीत. पण रोज दुपारी मी कुठेतरी नेमकी घसरते. बाहुल्या एकेक करून पुढे गेल्या. मी आहे तिथेच.

तुम्ही विचारता, घरी कधी येणार? जिराफाखालच्या पोरांना बसू द्या तिथे. माझं घर सध्या इतकंच आहे, शाळा सुटल्यापासून मंजिरीची चावी दारात फिरेपर्यंत. काल रेवा वैतागली. "आजी, तू मुद्दाम करतेस!" मी साळसूद चेहरा केला. तिने माझ्याकडे रोखून पाहिलं, पाय आपटला आणि म्हणाली,

"परत पहिल्यापासून."