फूल उजवंच पडलतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलं न्हाई. लेकाला न्हाई, शेजारपाजारच्या बायांना न्हाई — आन् देवाला सांगायचं कामच न्हाई, त्यानं तर बघितलंय. तुमाला सांगायले, कारण काल सांजपासून माजा जीव थाऱ्यावर न्हाई. आनंदानं बी, आन् भ्यानं बी.

माजी नात गौरी जर्मनीत हाय. खरंच हाय, बाई! पिंगळीच्या ठेसनावरून गेलेली पोरगी. इंजिनेरिंगच्या पोरांना काही महिने तिकडं बोलावतात, शोध करायला. हिला बोलावलं. आन् शोध कशाचा? आपल्या काळ्या मातीचा! पावसाळ्यात ती फुगती, उन्हाळ्यात भेगाळती, त्यानं भिंती तडकतात — ते कसं थांबवावं, हे बघायली. काल तिनं फोनमधी काचेच्या भांड्यातली माती दाखवली. मी म्हणले, एवढीशी माती बघायला विमानानं गेलीस व्हय, आपल्या वावरात गाडीनं भर की. तिनं ते तिथल्या साहेबाला सांगितलं. गोरापान माणूस, हसला आन् मला वाकडेतिकडे हात जोडले. मी डोक्यावर पदर घेतला — फोनपुढं!

पण मग ती जे बोलली ना... थांबा. आधी मागचं सांगते.

गौरी रांगत होती तवाच तिची माय गेली. माजा लेक नागनाथ लोकाच्या ट्रकवर, आठ-आठ दिवस घरी न्हाई. मी तिला पाठीला बांधून कापूस वेचला. शेतमालक चेष्टा करायचा, बाई, लेकरू बी मापात टाकायलीस का? दोघींनी एका ताटात खाल्लं. रडले न्हाई कधी. रडायला सवड लागती. हे मोठेपणा म्हणून सांगत न्हाई. का — पुढचं हलकं वाटावं म्हणून सांगायले? मग सोडा ते.

आमी महादेवाला कौल लावतो. ओलं फूल पिंडीला चिकटवायचं. उजवीकडं पडलं तर हो, डावीकडं पडलं तर न्हाई. आमच्या घरचा कौल मीच लावते, गौरीचा आजा गेल्यापासून. लगीन असो, बोअर असो, म्हैस घ्यायची असो.

गेल्या साली जर्मनीला जायला गौरीचं नाव पहिल्यांदा निघालं. नाचायलीच पोरगी. नागनाथ म्हणला, देव हो म्हणला तर जा. गाभाऱ्यात मी एकलीच, हे दोघं बाहेर. कन्हेरीचं फूल लावलं आन् मनात काय म्हणले, ठावं हाय का? डावं पड.

पडलं — उजवं. लगेच, जशी देवालाच घाई होती.

मी ते उचललं, पदराखाली धरलं, बाहेर आले.

"माय, काय म्हणला देव?" नागनाथनं विचारलं.

"डावं," मी म्हणले.

एवढंच. एक शब्द. गौरी माज्या पाया पडली, मग देवाच्या. तिची जागा दुसऱ्याच कुणाला गेली. रागावली असती तर बरं झालं असतं — पण ती म्हणायची, आजी, माज्यातच काही कमी असंल, देवाला दिसलं असंल. वर्षभर म्हणायची. आन् मी? तिच्या हातची भाकर खायचे आन् गप.

यंदा परत नाव निघालं. यंदा मी फुलाकडं बघितलंच न्हाई! लावलं आन् पळत बाहेर आले, उजवं, उजवं म्हणत. गुडघे दुखतात हे बी विसरले. गावभर पेढे वाटले. बाया म्हणायल्या, म्हातारीचा कौल खरा, गेल्या साली गेली असती तर काहीतरी वंगाळ झालं असतं. मी मान डोलावली. हे बी ऐकून घ्या — मान डोलावली.

तर काल गौरी सांगायली, तिकडचे साहेब म्हणायलेत हितंच राहा, पुढं शिक. लय मोठी गोष्ट हाय म्हणं. डोळे असे चमकायलते पोरीचे! आन् मग म्हणली, "आजी, उद्या महादेवाला विचार. डावं पडलं तर मी परत येते. गेल्या साली तूच तर वाचवलंस मला."

वाचवलं?

आज देवळाकडं गेले न्हाई. फूल तोडलं न्हाई. गेल्या साली ती गेली तर एकली पडंन, म्हणून भ्यालते. हे खरं हाय, पण त्यानं खोट्याचं खरं होत न्हाई.

नागनाथ फोन लावायलाय. तो बी ऐकंल, ऐकू दे. कौल लावला न्हाई म्हणून सांगते. गेल्या साली फूल उजवं पडलतं, मी डावं म्हणले, असं सांगते. मग ती जे बोलंल ते बोलंल. न्हाई बोलली तर न्हाई बोलली.

उचलला तिनं.