हळदीची कालवं

पुष्पलताच्या सासरची मिठागरं बंद पडली, तरी तिची खारट पाण्यावरची भक्ती काही आटली नव्हती. म्हणून कालवांची पिल्लं चिकटलेल्या शिंपल्यांच्या माळा तिनं थेट जुन्या मिठागराच्या डबक्यात सोडल्या. “खारट पान्यात फुगतील नुसती! माझ्या हेमालीच्या लग्नाच्या हळदीला घरचीच कालवं!” हे तिनं इंद्रलोक वसाहतीतल्या गुजराती शेजारणीलासुद्धा ऐकवलं. ती बिचारी शाकाहारी!

फेब्रुवारीत ऊन तापलं, डबक्यातलं पाणी आटून आणखी खारट झालं आणि कालवं नखाएवढीच राहिली. लेकीची हळद तर मे महिन्यात!

जुन्या भाईंदरची तिची कोळीण मैत्रीण गोदूबाई बांधावर पोट धरून हसली. “पुष्पे, कालवं वाढवतेस का लोनचं घालतेस? भरतीचं पानी न्हाय, तर खातील काय?”

पुष्पलता फणकारली, पण माळा उचलल्याच. दोघींनी त्या खाडीत बांबूच्या मांडवाला टांगल्या. तिथं प्रत्येक भरती बेताचं खारट पाणी आणि कालवांचं बारीक खाणं घेऊन येते.

हळदीच्या सकाळी पुष्पलतानं माळ ओढली. माळ हलेना!

“गोदे, गाळात रुतली गं!”

“रुतली न्हाय, भरलीय! ओढ!”

पाणी उडवत माळ वर आली. अर्ध्या तळव्याएवढी कालवं, एकाला एक चिकटलेली! चिखलात थयथय नाचत पुष्पलतानं तिथूनच फोन लावला, “हेमाली, मोठा टोप काढ! न्हाय, त्याहून मोठा!”